मोजणाऱ्यालाच औषध लागलं: डोपामिन सेन्सरच्या एका प्रयोगाचं प्रकरण

माणसं आणि कॉलेज ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रयोगाचा क्रम आणि झालेली चूक मात्र जशीच्या तशी आहे. त्या चुकीत माझाही वाटा होता. प्रयोग करणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीचा मी को-गाईड होतो आणि सिनॉप्सिसवर, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यावर, माझी सही होती.

पार्श्वभूमी

खाजकुइली मराठवाड्यात कुणाला सांगावी लागत नाही. तिच्या शेंगेवरची लव दुसऱ्याच्या कॉलरमध्ये टाकून मजा बघणारा एक तरी कार्टा प्रत्येक शाळेत होऊन गेलेला असतो. आयुर्वेदात तीच कपिकच्छू, आत्मगुप्ता. तिच्या बियांत एल-डोपा असतं, हे दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच दाखवलं होतं. मेंदूत गेलं की या एल-डोपाचं डोपामिन होतं, म्हणजे चेतापेशींमधले निरोप पोचवणारं एक रसायन. पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत कमी पडतं ते हेच.

आमची विद्यार्थिनी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका फार्मसी कॉलेजात पीएचडी करत होती. बालाघाटच्या डोंगरातून आणलेल्या खाजकुइलीच्या बियांचा अर्क उंदरांना द्यायचा आणि हॅलोपेरिडॉल या मानसिक आजारावरच्या औषधाने आणलेला ताठरपणा त्याने कमी होतो का हे बघायचं, असा विषय होता. हॅलोपेरिडॉल टोचलेला उंदीर आखडतो. त्याचे पुढचे पाय ९ सेंटिमीटर उंचीच्या दांडीवर ठेवले तर तो तसाच ठेवल्याजागी बसून राहतो. किती वेळ बसला ते स्टॉपवॉचवर मोजायचं. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत हा प्रयोग इतका झालाय की समितीने पहिलाच प्रश्न विचारला, "यात नवीन काय?"

मग नवीन काय आणायचं याची शोधाशोध सुरू झाली. गाईड सर एका परिषदेहून परतले ते डोपामिन सेन्सरची गोष्ट घेऊनच. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने सेन्सरचं जनुक भरलेला एएव्ही विषाणू (तो जनुक मेंदूच्या पेशींत पोचवतो) आणि फोटोमेट्रीचा, म्हणजे उजेड मोजायचा संच सहा महिन्यांसाठी उसना द्यायचं कबूल केलं. विद्यार्थिनी तिथे जाऊन शस्त्रक्रिया शिकून आली. विषाणू कोरड्या बर्फाच्या डब्यात, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, तिच्या मांडीवर बसून आला. प्राण्यांवरच्या प्रयोगाची संस्थात्मक समिती आणि जैवसुरक्षा समिती या दोघांची मंजुरी मिळण्यात चार महिने गेले. ती कहाणी वेगळीच आहे, इथे नको.

सेन्सर म्हणजे नेमकं काय

पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

डोपामिन मोजायच्या जुन्या रीती दोन. मायक्रोडायलिसिसमध्ये मेंदूत बारीक नळी घालून द्रव गोळा करायचा आणि एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासायचा. रसायनाची ओळख पक्की पटते, पण एकेका नमुन्याला मिनिटं लागतात. व्होल्टामेट्रीत कार्बनच्या धाग्यावर सेकंदाला साधारण दहा वेळा विजेचा दाब चढवून उतरवायचा आणि डोपामिनचं ऑक्सिडीकरण पकडायचं. ती रीत वेगवान आहे, पण नॉरएपिनेफ्रिन हे मेंदूतलं दुसरं रसायनही जवळपास तसंच दिसतं.

२०१८ साली दोन गटांनी तिसरी वाट काढली. कॅलिफोर्नियात लिन तियान यांच्या प्रयोगशाळेने डीलाइट१ हा सेन्सर केला आणि बीजिंगमध्ये यूलाँग ली यांच्या प्रयोगशाळेने ग्रॅब-डीए. दोन्हींची युक्ती एकच. डोपामिन जिथे जाऊन बसतं तो मेंदूतलाच रिसेप्टर घ्यायचा आणि त्याच्या पेशीच्या आतल्या भागात हिरवं चमकणारं प्रथिन शिवायचं. हे प्रथिन मूळचं जेलीफिशचं. शिमोमुरांनी ते १९६२ साली वेगळं केलं आणि २००८ साली त्यासाठी नोबेल मिळालं. डोपामिन रिसेप्टरवर बसलं की रिसेप्टर जरा वळतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि ते जास्त चमकतं. दाराच्या कडीलाच दिव्याचं बटण जोडावं तसं: कुणी कडी फिरवली की दिवा लागतो. मेंदूत केसासारखा प्रकाशतंतू घालायचा, त्यातून ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश सोडायचा, परत येणारा हिरवा प्रकाश मोजायचा. उंदीर मोकळा फिरत असतो आणि सेकंदाच्या अंशात डोपामिन वरखाली झालेलं पडद्यावर दिसतं.

दोन्ही सेन्सरमधला फरक कडीचा, म्हणजे रिसेप्टरच्या प्रकाराचा. डीलाइट डी१ रिसेप्टरपासून केलेला आहे, ग्रॅब-डीए डी२ रिसेप्टरपासून. आम्हाला मिळाला तो ग्रॅब-डीए२एम, म्हणजे २०२० सालची सुधारित आवृत्ती. डीलाइट१.१ निम्मा उजळायला सुमारे ३३० नॅनोमोलर डोपामिन लागतं, ग्रॅबच्या या आवृत्तीला ९०च्या आसपास पुरतं. "जास्त संवेदनशील आहे, हाच घेऊ," असं ठरलं तेव्हा मीही मान हलवली. निर्णयाची पहिली जागा ती होती आणि तिथे आम्ही दोन मिनिटंसुद्धा थांबलो नाही.

अडचण

स्ट्रायटममध्ये (हालचालीशी संबंधित मेंदूचा भाग) विषाणू सोडून चार आठवडे झाल्यावर पहिली नोंद घेतली. प्राणिगृहातले मामा उंदरांना रोज पार्ले-जीचा तुकडा द्यायचे. पहिल्या दोन दिवशी तुकडा तोंडात गेला की आलेख उसळायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी उसळी पुडक्याच्या चुरचुरीवरच यायला लागली, बिस्किट बाहेर निघायच्या आधीच. शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी १९९७ साली बक्षिसाच्या अपेक्षेबद्दल जे मांडलं (डोपामिनची उसळी बक्षिसावरून त्याची चाहूल देणाऱ्या खुणेवर सरकते), ते आमच्या पत्र्याच्या छताखाली एका पुडक्यावर दिसत होतं. विद्यार्थिनीने मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवला, त्यात मामांचा आवाज आहे: "बघा मॅडम, कागूद वाजला की लाइट चढायली!"

मग हॅलोपेरिडॉलचा दिवस आला. किलोला १ मिलिग्रॅम, पोटात. दहा-बारा मिनिटांत आलेख खाली घसरू लागला. पाऊण तासाने उंदीर दांडीवर पाय ठेवून दगडासारखा बसला होता आणि आलेख तळाशी सपाट होता. खाजकुइलीचा अर्क दिल्यावर ताठरपणा थोडा सैल झाला, पण आलेख जेमतेम हलला. पाचही उंदरांत हेच.

विद्यार्थिनीने प्रोग्रेस सेमिनारसाठी वाक्य लिहिलं: हॅलोपेरिडॉलने स्ट्रायटममधलं डोपामिन घटतं आणि अर्काने ते अंशतः भरून येतं. आलेख सुंदर होता, गोष्टही सरळ होती. उंदीर आखडला, डोपामिन उतरलं, दोन्ही एकाच दिशेने. गाईड सर म्हणाले, "हे तर पेपरला जायला तयार आहे."

मी ते वाक्य सेमिनारच्या आदल्या रात्री वाचलं आणि अडखळलो. फार्माकॉलॉजी शिकवताना दरवर्षी मी सांगतो की हॅलोपेरिडॉल डी२ रिसेप्टर अडवतं. डोपामिन सोडणाऱ्या चेतापेशींवरही डी२ असतात, त्यांचं काम ब्रेकचं. ते अडले की ब्रेक सुटतो आणि डोपामिन जास्त सुटतं. कार्लसन आणि लिंडक्विस्ट यांनी १९६३ साली उंदरांच्या मेंदूत डोपामिनच्या विघटनातून होणारी द्रव्यं वाढलेली दाखवली होती, ती याच औषधानंतर. म्हणजे आमचा आलेख साठ वर्षांच्या माहितीच्या बरोब्बर उलटा होता.

असं झालं की दोनच शक्यता राहतात: आपण मोठा शोध लावलाय किंवा आपलं काहीतरी चुकलंय. पहिली शक्यता मी फार वेळ धरून बसलो नाही.

संशय कुठे घ्यायचा

सर्वांत आधी संशय आला तो यंत्रावर. आमच्याकडे मे महिन्यात दिवसातून दोनदा लाइट जाते. परत आल्यावर एलईडी गरम होईपर्यंत तिचा उजेड स्थिर नसतो. शिवाय सेन्सर सतत प्रकाशात राहिला की हळूहळू फिका पडतो. पण संच यूपीएसवर होता आणि पाचही उंदरांत घसरण इंजेक्शननंतरच सुरू झाली होती.

दुसरा धागा कच्च्या नोंदींत सापडला. फोटोमेट्रीत ४७० बरोबर ४०५ नॅनोमीटरचाही प्रकाश सोडतात. ४०५ वरचा उजेड डोपामिनने बदलत नाही असं धरून तो हालचालीचा किंवा तंतू सैल झाल्याचा साक्षीदार मानतात आणि ४७० मधून वजा करतात. ग्रॅब सेन्सरच्या बाबतीत हे धरणं पूर्ण बरोबर नाही. तिथे न बदलणारा बिंदू ४४०च्या आसपास आहे. त्याच्या खाली, ४०५ वर, डोपामिन बसलं की उजेड किंचित कमी होतो. विद्यार्थिनी वजाबाकी झालेला आलेखच बघत होती. मी म्हटलं, दोन्ही रेघा वेगवेगळ्या काढ. काढल्या. इंजेक्शननंतर ४७०ची रेघ खाली गेली होती आणि ४०५ची जराशी वर. तंतू सैल झाला असता किंवा सेन्सर फिका पडला असता तर दोन्ही खाली आल्या असत्या. म्हणजे सेन्सर खरोखरच "रिकामा" होत होता. आणि आम्ही ती वजाबाकी करून घसरण होती त्यापेक्षा मोठी दाखवत होतो, हे वर.

तरीही यातून एवढंच कळलं की डोपामिन सेन्सरवर बसलेलं नाही. ते आसपास नाहीच की आहे पण बसू शकत नाही, हे आलेख सांगत नव्हता.

मला पटवलं ते मामांच्या पुडक्याने. आखडलेल्या उंदरासमोर त्यांनी नेहमीसारखा कागद वाजवला. व्हिडिओत स्पष्ट दिसतं: उंदराचे पाय दांडीवरच, पण कान वळतो, मिशा पुढे येतात. त्याला ऐकू आलंय. आलेखावर मात्र काही नाही. लहान उसळीसुद्धा नाही, सरळ रेघ. डोपामिन निम्म्यावर आलं असतं तर उसळीही निम्मी दिसायला हवी होती. इथे बटणच कुणीतरी घट्ट धरून ठेवलं होतं.

सेन्सर डी२पासून केलेला, हॅलोपेरिडॉल डी२ला चिकटणारं. औषध उंदराच्या रिसेप्टरवर जसं बसलं तसंच सेन्सरवरही बसलं. ओसरीवर पाहुणे वाढले असतील, पण कडी कुणीतरी धरून ठेवल्यावर दिवा लागणार कसा?

पर्याय

सेमिनार आठवड्याभरासाठी पुढे ढकलला आणि आम्ही तिघं बसलो. विद्यार्थिनीची फेलोशिप सात महिन्यांत संपणार होती, त्यामुळे बोलणं काही शांतपणे झालं नाही.

गाईड सरांचा कल आलेख आहे तसा ठेवून एक वाक्य घालण्याकडे होता: "हॅलोपेरिडॉलचा सेन्सरवर थेट परिणाम नाकारता येत नाही." असं वाक्य प्रबंधात चालून जातं, हे मला माहीत आहे. पण त्या वाक्याने पूर्ण प्रकरणच कोसळत होतं, म्हणून मी नको म्हटलं. विद्यार्थिनी बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "सर, व्हायव्हात कुणी विचारलं तर मी काय सांगू?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

सेन्सर सोडून सरळ एचपीएलसीवर जायचं, हा दुसरा पर्याय. स्वस्त, खात्रीचा, कॉलेजात यंत्र आहे. पण मग समितीचा "नवीन काय?" परत दारात उभा.

तिसऱ्या पर्यायाचा मला मोह पडला होता. औषधच बदलायचं आणि हॅलोपेरिडॉलऐवजी रेसरपिन घ्यायचं, आपल्या सर्पगंधेतून निघालेलं. ते डी२वर बसत नाही. चेतापेशींच्या आत डोपामिन साठवायच्या पिशव्या भरू देत नाही आणि साठा खरोखर रिकामा करतं. कार्लसन यांनी १९५७ साली रेसरपिनने निपचित पडलेले प्राणी डोपा देऊन पुन्हा हालते केले होते, आणि डोपामिनवरच्या त्या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. सर्पगंधेने पाडायचं आणि खाजकुइलीने उठवायचं, दोन्ही आपल्याच वनस्पती. व्याख्यानात हे फार छान वाटलं असतं. पण रेसरपिनने उंदराचं अंग गार पडतं, जुलाब होतात, तो दिवसच्या दिवस निपचित राहतो. समितीकडे नव्याने जावं लागलं असतं आणि सिनॉप्सिसचं शीर्षकही बदललं असतं. सात महिन्यांत ते बसत नव्हतं.

उरला सेन्सर बदलायचा पर्याय. डीलाइट डी१पासून केलेला, त्यामुळे हॅलोपेरिडॉल त्याला फारसं चिकटणार नाही. अजिबात नाही असं नाही, कारण डी१शीही या औषधाची थोडी ओढ आहे, पण डी२च्या मानाने ती खूप कमी. तोटा असा की डीलाइट१.१ला कमी पातळीवरचे संथ बदल नीट दिसत नाहीत. तो झटपट उसळ्या दाखवायला चांगला.

काय केलं

आधी उंदरांना हात न लावता तपासणी केली. पुण्याच्या प्रयोगशाळेने बशीत वाढवलेल्या एचईके या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशींत दोन्ही सेन्सर घातले, त्यांवर डोपामिन सोडलं, उजळल्यावर हॅलोपेरिडॉल घातलं. ग्रॅबच्या पेशी विझल्या, डीलाइटच्या जवळपास तशाच उजळ राहिल्या. त्याच दिवशी खाजकुइलीचा नुसता अर्कही टाकून पाहिला. वनस्पतीच्या अर्कात एल-डोपाशिवाय बरंच काही असतं आणि त्यातलं काही थेट सेन्सरवर बसलं तर पुन्हा हीच पंचाईत. ताज्या अर्काने विशेष काही झालं नाही. आदल्या दिवशीचा अर्क मात्र काळा पडला होता (एल-डोपा हवेत राहिलं की काळवंडतंच) आणि तो प्रकाशच गिळत होता. तेव्हापासून अर्क रोज सकाळी नवा.

एका दिवसाचं काम होतं हे, आणि विषाणू मागवायच्या आधी व्हायला हवं होतं.

मंजूर संख्येतले आठ उंदीर शिल्लक होते, त्यांच्यात डीलाइट१.१ घातला. एकाची डोक्यावरची टोपी निघाली, एकाचा तंतू नंतरच्या छेदांत भलत्याच जागी आढळला. सहा उरले. या वेळी प्रत्येक उंदराला एक दिवस नुसतं पाणी नळीने पाजून नोंद घेतली, कारण पकडून घशात नळी घालणं ही उंदरासाठी स्वतःच मोठी घटना असते आणि तिचीही उसळी आलेखावर येते. संथ बदलांचा दावा सेन्सरवर न टाकता वेगळ्या उंदरांच्या ऊतींवर एचपीएलसी करून डोपामिन आणि त्याच्या विघटनातून होणारी डोपॅक व एचव्हीए ही द्रव्यं मोजली. त्या उंदरांची मंजुरी आधीच्या एका गटातून वळवून घेतली.

निष्पत्ती

हॅलोपेरिडॉलनंतर डीलाइटचा आलेख घसरला नाही. सहापैकी चौघांत पायारेषा थोडी वर सरकली, दोघांत जागच्या जागी राहिली. कागद वाजल्यावरची उसळी आखडलेल्या उंदरांतही येत होती. एचपीएलसीत डोपॅक आणि एचव्हीए वाढलेले आले, म्हणजे १९६३चीच दिशा. उंदीर आखडतो तो डोपामिन कमी पडल्याने नाही. ते असतं, पण पोचायच्या जागी बसू शकत नाही.

याने अर्काबद्दलचा दावा आक्रसला. अर्काने डोपामिन वाढतं हे दोन्ही मोजमापांत दिसलं आणि ताठरपणा थोडा कमी झाला. पण "घटलेलं डोपामिन भरून काढतो" हे वाक्य गेलं, कारण घटलेलं काही नव्हतंच. हॅलोपेरिडॉलचा ताठरपणा आणि पार्किन्सन वरून सारखे दिसले तरी आत एकच गोष्ट चाललेली नसते, असा एक परिच्छेद त्या जागी आला. पार्किन्सनच्या आठ रुग्णांवर २००४ साली खाजकुइलीची एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली होती. आमच्या उंदरांवरून तिच्याबद्दल बोलायचा मोह विद्यार्थिनीने स्वतःच खोडून टाकला. ते मला फार आवडलं.

प्रबंधाला पाच महिने उशीर झाला. शेवटचे दोन महिने ती फेलोशिपविना राहिली, एका खासगी क्लासमध्ये शिकवत. चुकलेला निर्णय आम्हा दोन प्राध्यापकांचा होता आणि भार तिच्यावर पडला. गाईड सर आणि मी त्यानंतर एका समितीत बसलोय, पण पूर्वीसारखं जमत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

संवेदनशीलतेचा आकडा सेन्सर निवडताना मी शेवटी बघेन. आधी कागदाच्या एका बाजूला सेन्सर कोणत्या रिसेप्टरपासून केलाय ते आणि दुसऱ्या बाजूला प्रयोगात जाणारं प्रत्येक औषध कशावर बसतं ते लिहीन. यादीत भूल द्यायचं औषध, अर्क, सगळं. दोन्ही बाजूंना एकच नाव आलं तर सेन्सर तरी बदलेल किंवा औषध तरी.

४०५ आणि ४७०च्या रेघा सुट्या बघितल्याशिवाय वजाबाकीचा आलेख कुणी दाखवू नये, असा आता आमच्याकडे नियम आहे. सॉफ्टवेअर एका क्लिकवर स्वच्छ रेघ काढून देतं. तिच्याखाली काय दडलंय ते तीन महिने आम्ही विचारलंच नव्हतं.

एका गोष्टीचं मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिल्या पाच उंदरांची नोंद प्रबंधात ठेवायची की नाही यावर वाद झाला. ती नोंद डोपामिनबद्दल काही सांगत नाही, पण हॅलोपेरिडॉल मेंदूतल्या डी२वर किती वेगाने चढतं हे ती फार नेटकं दाखवते. म्हणजे डोपामिनचा सेन्सर नकळत औषधाचा सेन्सर झाला होता. शेवटी ती परिशिष्टात गेली. व्हायव्हाला आलेल्या परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्याच पानावर विचारले आणि विद्यार्थिनीने सगळ्यांची उत्तरं दिली, मामांच्या व्हिडिओसकट.